हौद्यात कोण बसणार?

प्रश्न : लष्कराने लिलावात काढलेला एक जुना ट्रक मी घेतला. १९७१ सालचा एम-३५ ए-२, दहा टायरांचा, सहाही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा. तीन वर्षं खपून स्वतःच्या हातांनी उभा केला. आता इंजिन पहिल्या झटक्यात लागतं. सुट्टीत सगळ्या घराला त्यात घालून समुद्रावर न्यायचं मनात आहे : आई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं (वय ९ आणि ५), धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची तीन मुलं. मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना सैनिकांचे बाक आहेतच. रस्ता दोन तासांचा, आणि त्या किनाऱ्यावर गाडी वाळूत उतरवायला परवानगी आहे. पण बायको म्हणते, ‘माझी मुलं त्या लोखंडी पेटाऱ्यात बसणार नाहीत.’ ज्या ट्रकमधून सैनिक युद्धावर गेले त्यातून आपण समुद्रावर जाऊ शकत नाही का? वाद इतका वाढलाय की जेवताना विषय काढायची सोय राहिलेली नाही. तिला कसं समजावू?
— तीन वर्षं ग्रीसने माखलेला

उत्तर :

तिला समजावू नका. ती बरोबर आहे.

लगेच पान उलटू नका. ट्रक समुद्रावर नेऊच नका असं मी म्हणत नाही. उलट न्याच. तीन वर्षं एखाद्या लोखंडाच्या ढिगाऱ्यावर जीव लावल्यावर तो घराबाहेर उभा करून फक्त पुसत बसायचा, हे काही खरं नाही. फक्त ट्रक कशासाठी न्यायचा आणि त्यात कोण बसणार, एवढ्या दोनच गोष्टी तुम्हाला बदलायच्या आहेत.

माझ्या वडिलांचं अवजड गाड्यांचं गॅरेज होतं. माझी शाळेची वही कित्येकदा ब्रेकच्या ड्रमवर ठेवून लिहिलेली असायची. त्यामुळे तुमच्या ट्रकबद्दल वाचून मलाही आधी हात लावून बघावासा वाटला, हे कबूल करते. आणि त्याच गॅरेजमुळे हेही ठाऊक आहे की गाडी स्वतः उभी केलेल्या माणसाला तिचं कौतुक असतं, तिच्याबद्दलची भीती नसते. भीती बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटते. तुमच्या घरी ते काम बायकोकडे आलंय.

आधी तुमचा सैनिकांचा मुद्दा घेऊ, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. सैनिक अशा ट्रकमधून गेले हे खरंच. तुमच्या ट्रकच्या आधीच्या पिढीचा जीएमसीचा अडीच टनी ट्रक दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून जास्त संख्येने बनला, आणि जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या वाळूत उतरलेल्या गाड्यांत तो होता. पण तो एकटा उतरला नव्हता. त्याच्या आधी वाळूवर जाळ्या आणि चटया अंथरणारे होते, बुलडोझर होते. इंग्रजांनी तर तोफेचा बुरूज काढून टाकलेले शर्मन रणगाडे रुतलेल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढून काढायला किनाऱ्यावर ठेवले होते. म्हणजे गाड्या रुतणार हे लष्कराने धरूनच चाललेलं होतं. आणि हौद्यात बसलेला जवान विशीतला, धडधाकट, हुकूम मानणारा. त्याला पुढे जे काही भोगावं लागणार होतं, त्यापुढे पट्ट्याविना दोन तास बाकावर बसणं ही कुणी हिशेबात धरावी अशी गोष्टच नव्हती. लष्कराने तो धोका मोजूनमापून पत्करला होता. तुमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या वतीने तो कुणी पत्करायचा? ‘ट्रक मजबूत आहे’ हे त्याचं उत्तर नाही. मजबूत आहे तो ट्रक. आतल्या माणसाला धरून ठेवणारं त्यात काहीच नाही.

ते बाक नीट आठवून बघा. दोन्ही बाजूंना लांबलचक, तोंड आत, पाठीला लाकडी कठडा. जोरात ब्रेक लागला की बाकावरचा प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलत पुढे घसरतो आणि सगळी रांग केबिनच्या मागच्या पत्र्यावर जाऊन आदळते. सगळ्यात पुढे बसलेल्यावर सगळ्यांचा भार येतो, आणि ती जागा मुलंच पकडतात, कारण तिथून पुढचं दिसतं. तुम्ही पट्टे बसवीन म्हणाल. पण आडव्या बाकाला लावलेला कमरेचा पट्टा अंगाला कडेच्या दिशेने धरतो. आणि तो ज्या फळीला ठोकणार ती फळी मुळात असा झटका सोसायला केलेलीच नाही. त्यातून वर ताडपत्री ताणलेली आणि मागची बाजू उघडी असेल, तर चालत्या गाडीमागे हवेचा जो भोवरा होतो तो धूर आत ओढून घेतो. तुमचं इंजिन डिझेलपासून हलक्या इंधनापर्यंत बरंच काही पचवणारं आहे, धुराच्या बाबतीत ते सोवळं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ब्रेकचंही असंच. या मॉडेलला हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात, आणि तेलाचा मार्ग मुळात एकच. एक मास्टर सिलिंडर, त्यातून सहा चाकांना. एका चाकाची नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक गेले. आजच्या साध्या मोटारीतही दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा काहीतरी थांबवतो. तुम्ही तीन वर्षांत ब्रेकच्या सगळ्या नळ्या, रबरी होज आणि व्हील सिलिंडर बदलले असतील तर उत्तम. ‘गळत नव्हते म्हणून तेच ठेवले’ असं असेल, तर सहलीची तारीख पुढे ढकला. रिकामा ट्रकच जवळपास ६ टनांचा आहे.

या गोष्टींकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. महायुद्धात डक नावाच्या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकांनी मोठी कामगिरी केली. नंतर त्यातले कितीतरी पर्यटकांना फिरवायला वापरात आले. १ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये हॉट स्प्रिंग्जजवळच्या तलावात, १९४४ साली बनलेली अशी एक गाडी पाण्यात शिरल्यावर काही मिनिटांत बुडाली. आतल्या २१ जणांपैकी १३ गेले, त्यात मुलं होती. इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या दांड्याभोवतीचं एक रबरी आवरण निसटून पाणी आत आलं, आणि उन्हासाठी वर बसवलेल्या छतामुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही. तुमचा ट्रक पाण्यात तरंगणारा नाही, तुम्ही तो तलावात घालणार नाही, हे कळतंय मला. सांगायचं एवढंच की तिथेही गाडीच्या मजबुतीचा प्रश्न नव्हताच. एक रबर आणि एक छत, दोनच गोष्टी होत्या.

मग करायचं काय? माणसं मोटारींनी जातील. दोन मोटारी, नाहीतर एक भाड्याची मोठी गाडी. ट्रक सामान नेईल. याने ट्रकचा अपमान होतो असं वाटत असेल, तर त्याचं काम काय होतं ते आठवा. मुख्य काम मालवाहतुकीचंच, माणसं मागाहून. तंबू, दहा खुर्च्या, मुलांची रबरी होडी, पिण्याच्या पाण्याचे कॅन, आईंसाठी टेकायची आरामखुर्ची, मोटारीत कधी मावणार नाही असं सगळं बिनधास्त टाका. फाळका पाडला की आयतं टेबल. केबिनमध्ये तुम्ही आणि भाऊ, नीट बसवलेल्या पट्ट्यांसह. नऊ वर्षांच्या मुलाला केबिनमध्ये यायचं असेल, तर ते त्याच्या आईला विचारा, आणि ‘नाही’ आलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

निघण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी, ज्या या ट्रकवाल्यांनाही कधी कधी माहीत नसतात. दिव्यांचा तो तीन खिट्ट्यांचा स्विच तुम्हाला पाठ असेल, पण तो पूर्ण बंद जागेवर असताना ब्रेकचे दिवेही लागत नाहीत, हे लक्षात आहे ना? लष्कराला शत्रूपुढे अंधार हवा होता म्हणून ती सोय. दिवसाउजेडी बंद ठेवून निघालात, तर मागून येणाऱ्या बायकोच्या मोटारीला तुम्ही ब्रेक लावलेला कळणारच नाही. आणि टायर. अशा गाड्यांच्या टायरांची नक्षी नव्यासारखी असते, कारण त्या वर्षानुवर्षं उभ्या असतात. रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला उत्पादनाचे आकडे शोधा. ४ आकडी असेल तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३ आकडीच असेल तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही सुंदर असली तरी तो काढून टाका.

आता वाळू. इथे थोडं रेंगाळते, कारण तुमचा आत्मविश्वास मला इथे सगळ्यात जास्त दिसला.

सहा चाकं चालतात म्हणून ट्रक रुतत नाही, हा गैरसमज. सहा चाकांचा ट्रक रुततोच, फक्त जास्त आत जाऊन रुततो. वाळूत प्रश्न ताकदीचा नसतो, वजन किती जागेवर पसरलंय याचा असतो. त्यासाठी टायरमधली हवा कमी करायची. टायर बसका झाला की जमिनीला टेकणारा भाग लांबतो, आणि चाक वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून चालतं. डकमध्ये तर ड्रायव्हरला चालता चालता केबिनमधून टायरची हवा कमी-जास्त करता यायची, १९४० च्या दशकात! तुम्हाला खाली उतरून दहा वेळा वाकावं लागेल. पण तुमच्या मागच्या चाकांना जोड टायर आहेत. हवा फार काढली तर दोन टायरांची पोटं फुगून एकमेकांना घासतात, मधे वाळू-दगड अडकतात. ट्यूबचे टायर असतील तर अगदी कमी हवेवर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. म्हणून गाडीच्या मूळ पुस्तिकेत वाळूसाठी जो आकडा दिलाय त्याच्या खाली जायचं नाही. आणि बसक्या टायरांवर वेग माणसाच्या धावण्याइतकाच. पॉवर नसलेलं ते स्टिअरिंग तेव्हा किती जड होतं ते दंडांना कळेलच.

हवा परत भरायला बाहेरचा पंप लागत नाही, ब्रेकसाठीचा कॉम्प्रेसर गाडीवरच आहे, त्याच्या टाकीवरून नळी घ्या. पण एखाद्या चाकातली हवा पूर्ण गेली असेल तर ते तिथे भरू नका. या रिमना बाहेरून लोखंडी कडं असतं, ते नीट बसलेलं नसताना हवा भरली तर ते सुटून उडतं. माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये असं चाक पिंजऱ्यात ठेवूनच भरायचे, आणि आम्हा मुलांना त्या वेळी अंगणापलीकडे हाकललं जायचं. चाक बदला, बाकीचं घरी आल्यावर.

कुठल्या वाळूवर जायचं? वरची कोरडी, भुसभुशीत पुळण टाळा. भरतीची रेषा आणि पाणी यांच्या मधला ओला, दाबून बसलेला पट्टा सगळ्यात कडक. त्यावरही आधी स्वतः चालून बघा. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवती क्षणभर फिकट, कोरडं वर्तुळ दिसतं, ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये त्याचं कारण सांगितलं : घट्ट बसलेले कण दाबले की एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणजे ते कोरडं वर्तुळ चांगलं लक्षण. याउलट पावलाखाली वाळू थुलथुलली, वर पाणी आलं, तर तिथे कण सैल आहेत आणि पाण्यावर तरंगताहेत. तिथे ट्रक घालायचा नाही. ओहोटीला वरून झिरपणारं पाणी जिथून ओघळताना दिसतं, तो भाग असाच फसवा असतो.

चालवताना हळू पण न थांबता, लो रेंजमध्ये (वेग कमी, ओढ जास्त), मोठ्या वळणाने. थांबायचंच झालं तर उताराकडे तोंड करून. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढायचा. इथेच सगळे चुकतात. अजून जरा रेटला की निघेल असं वाटतं आणि अर्ध्या मिनिटात ॲक्सल वाळूवर टेकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बावीस-तेवीस वर्षांची असताना वडिलांची जुनी लष्करी जीप घेऊन किनाऱ्यावर गेले होते, मैत्रिणींना दाखवायला. रुतली. मी रेटलं. आणखी रुतली. जेवणाच्या ताटल्यांनी वाळू उपसत आम्ही चौघी दोन तास होतो, आणि त्या दोन तासांत समुद्र जवळ येतोय हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाणी चाकाला लागलं तेव्हा कळलं. कुणीतरी दोर आणला, लोकांनी ओढली, निघाली. जीप होती म्हणून निघाली. तुमचा ट्रक चार-पाच मोटारींच्या वजनाचा आहे. तो रुतला तर भावाच्या मोटारीला बांधून टोचन करायचा विचारही करू नका, मोटारीचा हूक उपटून काच फोडत कुणाच्या तरी अंगावर येईल. त्याला तसाच दुसरा ट्रक किंवा ट्रॅक्टर लागतो. तो कुठून येईल हे घरून निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे, आणि ठरत नसेल तर ट्रक वाळूवर उतरवायचाच नाही, कडेच्या पक्क्या जमिनीवर उभा करायचा. परवानगी आहे म्हणून उतरवलाच पाहिजे असं नाही.

तुमच्या ट्रकला पुढे विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, असेल तर त्यातली शिअर पिन तुटली म्हणून तिच्या जागी बोल्ट ठोकू नका. ती तुटण्यासाठीच आहे. ती तुटली नाही तर दोर तुटतो, आणि ताणलेला तारेचा दोर तुटला तर कुठे फिरेल ते सांगता येत नाही. दोर ताणला जात असताना त्यावर जाड गोणपाट टाका आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्याही पलीकडे उभं करा.

भरतीचं गणित मी तेव्हा शिकले. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ओहोटीपासून भरती सव्वासहा तासांत. पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. समजा एकूण चढ २ मीटरचा आहे आणि किनारा इतका सपाट की ५० मीटरला १ मीटर उतार. तर तिसऱ्या एका तासात पाणी ५० सेंटीमीटर वर चढतं, म्हणजे वाळूवरून २५ मीटर आत येतं. पहिला तास काहीच हललं नाही म्हणून तुम्ही निवांत असता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा हे आकडे वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर किनारा हाच रस्ता आहे, तिथे ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा लागू असते. पण तिथेही भरतीच्या आधी-नंतर दोन-दोन तास किनाऱ्यावर गाडी घालू नका असंच सांगतात. तुम्ही ओहोटी सुरू होऊन दोन तास झाल्यावर उतरा, आणि पाणी वळायच्या आत वर या. तेवढ्यात सामान उतरतं, मुलांचे फोटो होतात. मग ट्रक दिवसभर वर, सुकलेल्या शेवाळ-काटक्यांची सगळ्यात वरची रेषा दिसते तिच्याही पलीकडे.

वाळूच्या टेकड्यांवर मात्र चढवू नका. तिथले वेल आणि गवत वाळू धरून ठेवतात, आणि भरतीरेषेच्या वर कासवं अंडी घालतात. चाकोऱ्या खोल पडल्या की पिल्लं त्यात अडकतात. दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या शेवटी नियम करून किनाऱ्यावरचं सरसकट ड्रायव्हिंग बंद केलं ते उगीच नाही. तुमच्या किनाऱ्याची परवानगी कुठल्या महिन्यांत, कुठल्या पट्ट्यात आहे ते नीट वाचा. वाहन परवाना या वजनाला चालतो का, आणि विमा वाळूवर लागू होतो का, हे लेखी विचारून घ्या. याविषयी जास्त लिहीत नाही, तुम्हाला कंटाळा येईल आणि मलाही.

पण उभ्या ट्रकबद्दल लिहिते. कारण तुमच्या बायकोच्या मनात रस्ता असला, तरी माझ्या मनात उभा ट्रक आहे.

उघड्या किनाऱ्यावर सावली एकच, ट्रकची. मुलं तिथे जाणार. पुढच्या चाकाला टेकून किल्ला करणार, मागच्या चाकांमध्ये लपणार, धाकटा तिथेच झोपणार. आणि त्या लांब बॉनेटमागून तुम्हाला समोर बसलेलं मूल दिसत नाही. म्हणून वेगळी सावली उभारा, तंबू किंवा कापड, ट्रकपासून वीस पावलं दूर, आणि ट्रकखाली कुणी नाही हा नियम मोठ्यांनाही. ट्रक हलवण्याआधी इंजिन बंद असताना एकाने पूर्ण फेरी मारून खाली वाकून बघायचं आणि दहाही डोकी मोजून सांगायची. नऊ झाली तर गाडी चालू होणार नाही. आईंना हौद्यात बसून समुद्र बघायचा असेल, तर जरूर, ट्रक उभा असताना. पण हौदा जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर आहे, लोखंडी पायरीवर लोंबकळत चढवू नका, पक्कं शिडीवजा स्टूल न्या. उन्हात तापलेल्या पत्र्यावर आधी सतरंजी.

मुलांना उभ्या ट्रकवर खेळू द्या. जहाज, किल्ला, काय हवं ते. फक्त एका अटीवर.

तुमच्या ट्रकला किल्ली नाही. तुम्हाला हे इतकं अंगवळणी पडलंय की पत्रात लिहिलंही नाहीत. एक खिट्टी फिरवायची, एक बटण दाबायचं, इंजिन चालू. रणात किल्ली शोधत बसायला नको म्हणून केलेली ती सोय. गिअरमध्ये उभा असलेला ट्रक बटण दाबताच पुढे उडी मारतो, आणि पाच मुलांतलं एकतरी ते बटण दाबणारच. चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावा, हँडब्रेकवर विसंबू नका. आणि निघण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांच्या वाटेत एक मुख्य स्विच बसवून घ्या, किल्ली काढून घेता येईल असा. २४ व्होल्टचा, जाड केबलचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ग्रीसची सवय असलेल्याला तर तासाभराचं.

परत आल्यावर खालून भरपूर गोड्या पाण्याने धुवा. पाटे, जोड टायरांमधली फट, ब्रेकचे ड्रम. चाकाच्या मधलं तापलेलं हब समुद्राच्या थंड पाण्यात गेलं असेल तर आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं, म्हणून ते बेअरिंग उघडून ग्रीस बदला. अर्थात तुम्ही पाण्यात घालणारच नाही आहात. तरीही लिहून ठेवते, कारण पुरुष आणि लाटा यांची मला थोडी माहिती आहे.

राहिला जेवणाच्या वेळचा वाद. आज जेवताना विषय तुम्हीच काढा. ‘मुलं हौद्यात बसणार नाहीत’ एवढंच म्हणा, ‘पण’ जोडू नका. बाकीचं ती विचारेल तेव्हा. आणि तो स्विच बसवलात की त्याची किल्ली तिच्या पर्समध्ये ठेवा. किनाऱ्यावर ट्रक हलवायचा असेल तेव्हा तुम्ही तिच्याकडे जाऊन मागायची, ती डोकी मोजेल, मग देईल.